वनस्पतिवर्धक एलईडी दीप : परिभाषा, गणित आणि रचना

विजेचा दिवा घरोघर आला, तेव्हापासून दिव्याचे तेज वॉट या एककाने सांगण्याची रूढी मराठी व्यवहारात पडली. ‘चाळीसचा बल्ब’, ‘साठचा बल्ब’, ‘शंभरचा बल्ब’ हे शब्दप्रयोग दोन-तीन पिढ्यांच्या कानांवरून गेलेले आहेत. वस्तुतः वॉट हे प्रकाशाचे माप नव्हेच. दिवा दर सेकंदास किती विद्युत्‌-ऊर्जा खातो, एवढेच ते सांगते. परंतु सर्व घरगुती दिवे एकाच जातीचे, म्हणजे तंतुदीप होते, तोपर्यंत खाल्लेली वीज आणि दिलेला प्रकाश यांचे प्रमाण जवळजवळ ठरलेले असल्यामुळे एकाच्या नावाने दुसऱ्याची ओळख पटत असे. या रूढीची परिसीमा म्हणजे ‘झीरोचा बल्ब’. शून्य वॉटचा दिवा प्रकाश देऊ शकत नाही, हे उघड आहे. आणि हा बल्बही प्रत्यक्षात सुमारे १२ ते १५ वॉट वीज खात असे. तरीही त्या नावाने कोणाचे फारसे नुकसान झाले नाही.

वनस्पतींसाठी घरात दिवा लावण्याचा प्रश्न आला, की भाषेतील ही ढिलाई निरुपद्रवी राहत नाही. ज्या सदनिकेत दिवसाकाठी तासभरही ऊन येत नाही, तेथे कोथिंबीर, मेथी वा पुदिना वाढवू पाहणारा माणूस बाजारातून ‘१००० वॉट’ अशी अक्षरे छापलेला दिवा आणतो. प्रत्यक्षात तो दिवा त्याच्या दशांशाइतकीच वीज घेत असतो. खोली झगझगीत दिसते आणि रोप मात्र लांबट, फिकट व दुबळे होऊन मान टाकते. लंडनसारख्या शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना कढीपत्त्याच्या व तुळशीच्या कुंड्यांबाबत हाच अनुभव येतो. तेथे डिसेंबरातील दिवस आठ तासांचाही नसतो, आणि जो प्रकाश येतो तोही क्षीण असतो. अशा वेळी योग्य दीप स्वतः तयार करता येतो काय, करावयाचा झाल्यास त्याचे गणित कसे मांडावे आणि जोडणी कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. डोळ्याचा प्रकाश आणि पानाचा प्रकाश

‘प्रकाश’ हा शब्द मूलतः दृष्टीशी निगडित आहे. ज्यायोगे वस्तू दिसते तो प्रकाश, हीच त्याची लोकव्यवहारातील व्याख्या होय. भौतिकीतील ल्यूमेन व लक्स ही एककेही याच कल्पनेवर उभारलेली आहेत. मानवी डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत अधिक संवेदनशील असतो. तांबड्या व निळ्या टोकांकडे त्याची संवेदनशीलता झपाट्याने घटते. ल्यूमेनची व्याख्या डोळ्याच्या या पक्षपाताला धरूनच केलेली आहे. त्या तरंगलांबीच्या एका वॉट प्रकाशाला ६८३ ल्यूमेन मिळतात, तर गडद तांबड्या प्रकाशाच्या तेवढ्याच ऊर्जेला त्याचा अल्प अंश मिळतो.

पानाचा हिशेब निराळा आहे. प्रकाशसंश्लेषणात हरितद्रव्याचा रेणू एका वेळी एक प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, शोषून घेतो. म्हणून वनस्पतीच्या दृष्टीने महत्त्व असते ते किती फोटॉन पानावर पडले याला. त्यांची मोजणी मायक्रोमोल या एककाने करतात; एक मोल म्हणजे सुमारे ६.०२ × १०^२३ कण, आणि मायक्रोमोल हा त्याचा दशलक्षांश. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील जितके मायक्रोमोल फोटॉन दर सेकंदास एका चौरस मीटरवर पडतात, त्या संख्येस या लेखात ‘फोटॉन-घनता’ असे म्हटले आहे.

येथे एक चमत्कारिक वाटणारी, परंतु महत्त्वाची गोष्ट ध्यानी येते. तांबड्या फोटॉनची ऊर्जा निळ्या फोटॉनपेक्षा कमी असते. त्यामुळे ६६० नॅनोमीटरच्या एका जूल ऊर्जेत सुमारे ५.५ मायक्रोमोल फोटॉन सामावतात, तर ४५० नॅनोमीटरच्या एका जूलमध्ये सुमारे ३.८ मायक्रोमोलच सामावतात. तेवढ्याच ऊर्जेत तांबडा प्रकाश पानाला अधिक घास देतो, असा याचा अर्थ होय.

हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश अधिक शोषते आणि हिरवा परावर्तित करते, या पाठ्यपुस्तकी विधानावरून एक गैरसमज रूढ झाला, तो असा की हिरवा प्रकाश वनस्पतीस सर्वस्वी निरुपयोगी असतो. केवळ तांबडे व निळे डायोड बसविलेले जांभळ्या रंगाचे दीप याच समजुतीतून बाजारात आले. वास्तविक, कीथ मॅक्री यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत २२ जातींच्या पिकांची पाने तपासली होती. हिरव्या फोटॉनांपासूनही प्रकाशसंश्लेषण चांगल्या प्रमाणात घडते, हे त्या मोजणीतून स्पष्ट झाले. अलग काढलेले हरितद्रव्य आणि जिवंत पान यांत फरक आहे. पानाच्या आत हिरवा किरण इकडून तिकडे विखुरत राहतो आणि अखेरीस त्याचा बराच भाग शोषला जातो. म्हणून स्वनिर्मित दीपासाठी साधे पांढरे एलईडी पुरेसे होतात. त्यांच्या प्रकाशात पानावरील पिवळेपणा, डाग व किडी स्पष्ट दिसतात. जांभळ्या प्रकाशात हे निदान कठीण होऊन बसते.

२. एलईडीचे स्वरूप

एलईडी हा अर्धवाहक पदार्थाचा डायोड होय. त्यातून योग्य दिशेने प्रवाह गेला म्हणजे इलेक्ट्रॉन खालच्या ऊर्जापातळीवर येताना फोटॉन बाहेर टाकतो. दृश्य तांबडा प्रकाश देणारा डायोड निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत तयार केला. निळ्या डायोडाची अडचण मात्र पुढे तीन दशके सुटली नाही. जपानमध्ये इसामू अकासाकी, हिरोशी अमानो व शूजी नाकामुरा यांच्या प्रयत्नांनी ती सुटली. १९९३ मध्ये तेजस्वी निळा डायोड सिद्ध झाला आणि या कार्याबद्दल तिघांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आजचा पांढरा एलईडी हा खरे पाहता निळाच डायोड असतो. त्यावरील पिवळसर स्फुरद्रव्याचा लेप काही निळा प्रकाश शोषून हिरवा, पिवळा व तांबडा प्रकाश बाहेर टाकतो आणि त्यांच्या मिश्रणास डोळा पांढरे म्हणतो. वनस्पतींसाठी एलईडीचा उपयोग करण्याचे प्रयोग अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात १९९० च्या सुमारास सुरू झाले होते. त्यांमागे अंतराळात भाजी पिकविण्याचा हेतू होता. तो पुढे सिद्धीस गेला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील प्रवाशांनी एलईडीच्या प्रकाशात वाढविलेली लेट्यूसची तांबडी पाने खाल्ली.

डायोडाचा एक स्वभावविशेष रचनेच्या दृष्टीने निर्णायक आहे. तंतुदीपास ठरलेला दाब दिला म्हणजे काम भागते. एलईडीस ठरलेला प्रवाह द्यावा लागतो. विशिष्ट दाबाच्या पुढे दाब किंचित वाढला तरी डायोडातील प्रवाह अनेक पटींनी वाढतो. त्यात डायोड तापला की तोच प्रवाह कमी दाबाला वाहू लागतो. अशा स्थितीत स्थिर दाब दिल्यास प्रवाह वाढतो, त्यामुळे उष्णता वाढते, आणि उष्णतेमुळे प्रवाह पुन्हा वाढतो. या चक्रात डायोडाचा नाश होतो. म्हणून एलईडी पट्ट्यांना ‘स्थिर प्रवाह’ देणारा ड्रायव्हर जोडणे अवश्य असते.

३. दीपाचे गणित

उदाहरणादाखल ६० सेंमी. लांब व ६० सेंमी. रुंद अशी एक फळी घेऊ. तिचे क्षेत्रफळ ०.३६ चौरस मीटर भरते. तीवर कोथिंबीर, मेथी, लेट्यूस यांसारख्या पालेभाज्या वाढवावयाच्या आहेत.

प्रथम रोपाची दिवसाची गरज पाहावी. पालेभाज्यांना दर चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे १० ते १५ मोल फोटॉन मिळाले म्हणजे त्या समाधानकारक वाढतात. टोमॅटो व मिरचीसारख्या फळभाज्यांना २० मोल वा त्याहून अधिक लागतात. तुलनेसाठी सांगावयाचे तर उघड्या आकाशाखाली निरभ्र उन्हाळी दिवशी ४० ते ५० मोल मिळतात, आणि लंडनच्या डिसेंबरात ५ मोलही मिळत नाहीत. फोटॉन-घनता २०० ठेवून दिवा १६ तास लावल्यास २०० × १६ × ३६०० = १,१५,२०,००० मायक्रोमोल, म्हणजे सुमारे ११.५ मोल होतात. पालेभाजीला हे पुरते.

आता फळीवर २०० घनता हवी असल्यास ०.३६ × २०० = ७२ मायक्रोमोल दर सेकंदास पानांपर्यंत पोचले पाहिजेत. दिव्यातून निघालेल्या प्रकाशापैकी काही बाजूंना निसटतो. फळीभोवती पांढरे पुठ्ठे उभे केले असता सुमारे ३० टक्के नाश धरणे सयुक्तिक होईल. म्हणजे दिव्याने १०३ च्या आसपास मायक्रोमोल बाहेर टाकावयास हवेत. चांगल्या प्रतीच्या पांढऱ्या एलईडीपासून दर जूलमागे सुमारे २.५ मायक्रोमोल मिळतात. म्हणून एलईडींना सुमारे ४१ वॉट शक्ती द्यावी लागेल. ड्रायव्हरची कार्यक्षमता ८८ टक्के धरल्यास भिंतीवरील खटक्यातून सुमारे ४६ वॉट घेतले जातील. रोज १६ तासांप्रमाणे महिन्याची वीज २२ युनिटे होते. युनिटास ८ रुपये दर मानल्यास खर्च १७६ रुपये येतो. ‘१०००’ हा आकडा या हिशेबात कोठेही येत नाही, हे लक्षणीय आहे.

४. जोडणी

या गणिताला अनुरूप अशी रचना पुढीलप्रमाणे करता येते. ॲल्युमिनियमच्या पाठीवर डायोड बसविलेल्या, सुमारे ५० सेंमी. लांबीच्या चार पट्ट्या घ्याव्यात. प्रत्येक पट्टीत आठ डायोडांची एकसरी असून अशा अनेक सरी समांतर जोडलेल्या आहेत, असे मानू. प्रत्येक डायोडावर २.९ व्होल्ट पडतात, तेव्हा पट्टीचा दाब ८ × २.९ = २३.२ व्होल्ट होतो. १.७५ अँपिअर स्थिर प्रवाह देणारा आणि २३ व्होल्ट ज्याच्या दाबकक्षेत येतात असा ड्रायव्हर निवडून चारही पट्ट्या समांतर जोडल्या, की प्रत्येकीस सुमारे ०.४४ अँपिअर मिळतो. एकूण शक्ती २३.२ × १.७५ = ४०.६ वॉट होते.

पट्ट्या एकसर जोडाव्यात की समांतर, हा प्रश्न येथे उद्भवतो. एकसर जोडणीत सर्व पट्ट्यांतून हमखास सारखाच प्रवाह जातो, हा तिचा गुण. परंतु चार पट्ट्यांचा दाब ९२.८ व्होल्ट होतो. एकदिश प्रवाहाचा ६० व्होल्टपर्यंतचा दाब कोरड्या स्थितीत स्पर्शास सामान्यतः सुरक्षित मानतात. पाण्याच्या झारीशेजारी ९३ व्होल्टची उघडी टोके ठेवणे धोक्याचे होय. समांतर जोडणीत दाब २३ व्होल्टच राहतो. तिचा दोष असा की एक पट्टी सुटल्यास उरलेल्या तिघींवर प्रत्येकी ०.५८ अँपिअर येऊन पडतो. म्हणून पट्टीची कमाल प्रवाहमर्यादा याहून अधिक आहे, हे खरेदीपूर्वीच पाहून घ्यावे. चारही पट्ट्या एकाच बनावटीच्या असाव्यात आणि त्यांच्या तारांची लांबी शक्यतो सारखी ठेवावी, म्हणजे प्रवाहाची वाटणी सम होते.

पट्ट्या २ मिमी. जाडीच्या, ५० सेंमी. चौरस ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर समान अंतराने स्क्रूने घट्ट बसवाव्यात. एलईडी गार असतो ही समजूत अर्धसत्य आहे. त्याच्या प्रकाशझोतात उष्णता कमी असली, तरी दिलेल्या शक्तीपैकी जवळजवळ निम्मी शक्ती डायोडाच्या पाठीशी उष्णतेच्या रूपाने साचते. ती वाहून नेली नाही, तर डायोडाचे तेज व आयुष्य दोन्ही घटतात. पट्टी व पत्रा यांमध्ये फट राहू नये म्हणून उष्णतावाहक लेप पातळ लावावा. पट्टीच्या टोकांना तारा डाख देऊन अथवा पट्टीवरील खोबणीत बसवून जोडाव्यात. धन व ऋण टोकांची अदलाबदल होऊ देऊ नये. डाख देताना पट्टीची ॲल्युमिनियमची पाठ उष्णता ओढून घेते, म्हणून पुरेशा शक्तीची डाखणी वापरावी. जोडणी पूर्ण झाल्यावर तार आणि पत्रा यांच्यात विद्युत्‌-संपर्क नाही, हे मल्टिमीटरने तपासल्याखेरीज वीज देऊ नये.

५. सुरक्षितता

या दीपातील खरा धोका एलईडीच्या बाजूस नसून २३० व्होल्टच्या बाजूस आहे. ड्रायव्हर बंदिस्त, ओलाव्यापासून संरक्षित आणि ज्याचा बाहेर पडणारा प्रवाह मुख्य विजेपासून पूर्णतः विलग केलेला आहे, असाच घ्यावा. स्वस्त ड्रायव्हरांत ही विलगता नसते. त्यांच्या बाबतीत २३ व्होल्टची म्हणविली जाणारी तारही जमिनीच्या संदर्भात प्राणघातक ठरू शकते. वर सांगितलेला समांतर जोडणीचा लाभही त्यामुळे व्यर्थ जातो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यास अर्थिंगची तार स्वतंत्र बोल्टने जोडावी. ज्या मंडलावर हा दीप लावावयाचा, त्यावर ३० मिलिअँपिअरच्या गळतीस खंडित होणारा संरक्षक खटका असावा. ड्रायव्हर फळीच्या वर वा बाजूस ठेवावा, कुंड्यांच्या खाली कदापि ठेवू नये. प्लगाकडे जाणाऱ्या तारेला मध्ये खाली झोका द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी प्लगात न शिरता त्या झोक्यावरून खाली ठिबकते. ज्यास मुख्य विजेच्या जोडणीचा सराव नाही, त्याने तेवढे काम जाणत्या विद्युत्‌-कारागिराकडून करून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

६. मापन

दीप तयार झाल्यावर तो पुरेसा आहे की नाही, याचा निर्णय डोळ्यावर सोपवू नये. प्रकाश दसपट वाढला तरी डोळा सरावतो आणि फरक थोडाच भासतो. दिवाणखान्यातील रात्रीचा प्रकाश बहुधा १०० ते ३०० लक्स असतो. डोळ्यास तो वाचनापुरता पुरतो; पानाच्या हिशेबाने तो एका अंकी फोटॉन-घनतेत मोडतो, आणि रोपाच्या श्वसनात खर्ची पडणारे अन्नही त्यातून कष्टानेच भरून निघते. रोप ‘उजेडात उपाशी’ राहते ते यामुळे.

फोटॉन मोजणारी उपकरणे महाग असतात. परंतु दिव्याचा वर्णपट ठाऊक असेल, तर साध्या लक्समापकावरूनही अदमास करता येतो. सामान्य पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत लक्सच्या आकड्यास सुमारे ७० ने भागावे. सूर्यप्रकाशासाठी भाजक ५४ आहे. जांभळ्या दीपास मात्र ही रीत मुळीच लागू पडत नाही. त्याचे तांबडे-निळे फोटॉन लक्समापकाला जवळजवळ दिसतच नाहीत. वर योजलेल्या दीपाखाली, रोपाच्या शेंड्याच्या पातळीवर, सरासरी १४,००० लक्स आले म्हणजे २०० घनता साधली असे समजावे. दीप प्रथम शेंड्यापासून ३० सेंमी. उंचीवर टांगावा आणि फळीचे नऊ समान भाग करून प्रत्येकाच्या मध्यावर मापन करावे. कडांना आकडा कमी आल्यास बाहेरच्या पट्ट्या कडेकडे सरकवाव्यात. अंतर दुप्पट केल्यास प्रकाश चौथाई होतो, हा नियम बिंदुवत्‌ दिव्याचा आहे. फळीएवढ्या रुंद दीपाला जवळच्या अंतरात तो लागू पडत नाही; म्हणून प्रत्यक्ष मोजणीस पर्याय नाही.

७. प्रकाश : अन्न आणि संकेत

येथवर प्रकाशाचा विचार अन्न म्हणून केला. परंतु वनस्पतीस प्रकाश हा संकेतही असतो. गार्नर व ॲलार्ड यांनी १९२० मध्ये असे दाखवून दिले की कित्येक वनस्पतींचे फुलणे दिवस-रात्रीच्या लांबीवर अवलंबून असते. महाराष्ट्रातील शेवंतीचे बागाईतदार याच तत्त्वाचा उपयोग करतात. शेवंती लांब रात्रीत फुलते. रात्री शेतावर दिव्यांच्या माळा लावून ते तिचे फुलणे लांबवितात आणि सणाच्या बाजाराशी मेळ घालतात. त्या दिव्यांतून मिळणारा प्रकाश इतका अल्प असतो, की अन्न म्हणून त्याची किंमत नगण्य होय. तरीही रोपाला तो ‘रात्र अजून लहान आहे’ असे सांगण्यास समर्थ असतो.

यावरून घरगुती दीपासाठी एक व्यावहारिक नियम निघतो. १६ तासांच्या प्रकाशात पालेभाजी जोमाने वाढेल, पण त्याच फळीवर ठेवलेली शेवंतीची कुंडी फुलावर येणार नाही. दिवा रोज ठरलेल्या वेळी लागावा व मालवावा यासाठी घड्याळी खटका बसवावा. आणि तुटपुंज्या दीपाची भरपाई चोवीस तास दिवा ठेवून करण्याचा मोह टाळावा, कारण टोमॅटोसारखी काही रोपे अखंड प्रकाशात पिवळी पडतात.

उपसंहार

स्वनिर्मित दीपाचे साहित्य आज सहज मिळते आणि त्यासाठी लागणारे गणित शालेय गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जात नाही. अपयश येते ते बहुधा परिभाषेच्या गोंधळामुळे. वॉट हे खर्चाचे माप, लक्स हे डोळ्याचे माप आणि मायक्रोमोल हे पानाचे माप. या तिहींना एकाच ‘प्रकाश’ शब्दाच्या पोटात कोंबले, की विक्रेत्याची जाहिरात खरी वाटू लागते. ‘फुल स्पेक्ट्रम’ या शब्दाचीही तीच गत आहे. त्याला सर्वमान्य व्याख्या नसल्याने तो कोणत्याही दिव्यावर छापता येतो. म्हणून दीप घेणाऱ्याने अथवा करणाऱ्याने तीनच प्रश्न विचारावेत : तो प्रत्यक्षात किती वॉट घेतो, दर जूलमागे किती मायक्रोमोल देतो, आणि त्यांपैकी किती पानांपर्यंत पोचतात. या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली, तर अंधाऱ्या सदनिकेतील कोथिंबीरही जगेल आणि परदेशातील हिवाळ्यात कढीपत्त्याची कुंडीही तग धरील.